तीन वर्षांचं ‘बघू’

न्यू जर्सीहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. आई दारव्हा तालुक्यात, धाकटा मुलगा आणि सून तिच्याजवळ. तरी पत्रात चार वेळा तेच: "काकू, आईला सोडून आलो. मी स्वार्थी आहे का हो?"

अरे बाळा, पोटापाण्यासाठी गाव सोडणं हा स्वार्थ म्हटला तर आपल्यातलं कोण सुटेल? ती बोचणी आपल्या सगळ्यांच्या जिवाला आहे. मला खुपलं ते तू शेवटी, जाता जाता लिहिलेलं: "बाबा गेल्यापासून सातबारावर आम्हा तिघांची नावं आहेत. धाकटा म्हणतो, वाटणी कर नाहीतर हक्कसोड दे. मी म्हटलं, पुढच्या ट्रिपला बघू." तीन वर्षं झाली तुझ्या या ‘बघू’ला!

आमच्या घरी ते नऊ वर्षं चाललं. काका कॅनडात, बाबा आर्वीजवळ कास्तकारी करायचे. दर उन्हाळ्यात पीककर्जाला गेले की बँकेत एकच प्रश्न: सहखातेदाराचं संमतीपत्र कुठंय? सातबारा बाबा युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यायचे. घड्यांवर तो इतका विरला, की आईनं मागून भाताची खळ लावून चिकटवला. मृग लागायचा, शेजारच्या वावरात सरकी टोबून व्हायची, आणि बाबा सावकाराच्या ओट्यावर बसलेले. काका वाईट नव्हते रे. दिवाळीला पैसे पाठवायचे, फोनवर रडायचे. पण सही लागायची तेव्हा नेमके कामात असायचे, आणि त्यांच्या सवडीचं व्याज बाबा भरायचे. स्वार्थ म्हणतात तो हा.

हिस्सा सोड असं मी म्हणत नाही. तो तुझा हक्क आहे. परदेशी नागरिकत्व घेतलंस तरी वारसानं आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. म्हणून एकदा सुटली की सुटली, ही तुझी धाकधूक मला कळते. मग वाटणी करून घे. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप होतं. धाकट्याचा सातबारा वेगळा झाला की त्याच्या कर्जाला तुझी सही नको. यायला जमत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठव. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायला मात्र धाकट्याला बजावून सांग.

आईच्या व्हिसाचं आणि मुलांच्या मराठीचंही विचारलंयस. आईला तिकडच्या थंडीत बोलावू नको, आणि मुलांशी घरात तूच मराठी बोल. झालं.

आज आईला फोन लावून हळवा होऊ नको. धाकट्याला लाव. तुझ्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे सहा-सात, वावरात निघायच्या आधी तो चहा पीत बसला असेल.