डाव्या हातात सा नाही, मग ती वाजवते तरी काय?

फोंड्याजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देते:

"आमची बाय बारावी कॉमर्सला आहे. लहानपणापासून पेटी शिकली, देवळातल्या भजनाला साथ करते. मी पखवाज वाजवतो, त्यामुळे घरात संगीताला विरोध नाही. पण गेल्या वर्षी पणजीत तिनं जॅझ ऐकलं आणि तेव्हापासून कीबोर्डवर बसलेली असते. मडगावच्या एका सरांनी तिला 'मायनर कॉर्ड व्हॉइसिंग' दिलंय. रोज संध्याकाळी दोन-दोन तास तेच ते चार सूर. म्हणते डी मायनर, आणि डाव्या हातात डीच नाही! सा न लावता संगीत कसलं? बारावीनंतर तिला यातच जायचंय. जाऊ द्यावं का? यावर पोट भरतं का? आणि घरी खरा पियानो घ्यावा का?"

नमस्कार भाऊ,

आधी त्या हरवलेल्या सा बद्दल बोलू. तुमच्या पोटापाण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

डी मायनर सेव्हंथमध्ये चार सूर असतात: डी, एफ, ए, सी. डीला सा धरा, म्हणजे सा, कोमल ग, प, कोमल नी. हे चार सूर खालून वर ओळीनं दाबले की कॉर्ड होते, ते कुणालाही एका दुपारी जमतं. व्हॉइसिंग त्याच्या पुढचं. कुठला सूर घ्यायचा, कुठला गाळायचा, कोण खाली, कोण वर, ही निवड म्हणजे व्हॉइसिंग. बँडमध्ये बेसवाला, म्हणजे तळाचे जाड सूर वाजवणारा, असतो आणि डी तो देतो. पियानोवाल्यानं खाली तोच डी पुन्हा दडपला की दोघं एकमेकांच्या पायात येतात, आवाज गढूळ होतो. म्हणून पियानोवाला सा सोडतो आणि वर रे जोडतो: एफ, ए, सी, ई. रेड गार्लंड, विन्टन केली, बिल एव्हान्स या पियानोवादकांनी 1950 च्या दशकात डाव्या हाताची ही बांधणी रूढ केली. सरांनी बायला दिलंय ते हेच.

आता तुमच्या कानाबद्दल. एफ, ए, सी, ई हे चार सूर एकटे वाजले तर ते एफ मेजर सेव्हंथ होतात. तुम्हाला त्यात डी मायनर ऐकू येत नाही, याचा अर्थ कान शाबूत आहे. आज संध्याकाळी एक करा. मोबाइलवरचा तंबोरा पांढरी दोनला, म्हणजे डीला, लावा आणि तिला पांढरी चार, सहा, मग वरच्या सप्तकातली एक आणि तीन एकदम दाबायला सांगा. सा तंबोरा देईल आणि तेच चार सूर तुमच्यासमोर मायनर होतील. मग तंबोरा बंद करा, खाली पांढरी पाच तुम्ही स्वतः दाबून धरा, आणि तिला फक्त सी चा बी करू द्या. बाकी तीन बोटं जागची हलायची नाहीत. ही झाली 'जी सेव्हंथ'. शेवटी तुम्ही पांढरी एक धरा; तिचा बी तसाच राहील, उरलेले तीन सूर एकेक पायरी उतरतील आणि ई, जी, बी, डी वर येऊन कॉर्ड घरी पोचेल. जॅझमधली निम्मीअधिक गाणी या तीन पावलांवर चालतात. दोन तास ती 'तेच ते' बडवत नाहीये. कमीत कमी बोटं हलवून एका कॉर्डवरून दुसरीवर कसं जायचं, ते घोटतेय.

आणि तिला दोन तास लागतात याचं कारण तुमच्या घरातच आहे. पेटीवाल्याचा डावा हात इतकी वर्षं काय करतो? भाता मारतो. बोटांना काम असतं ते उजव्या हाताच्या. म्हणजे बायचा उजवा हात तयार आहे आणि डावा पहिलीत बसलाय. शिवाय पेटीचा सूर वारा आहे तोवर टिकतो, पियानोचा दाबल्या क्षणापासून विरत जातो. पेटीच्या सवयीनं ती कॉर्ड धरून बसत असणार. जॅझमध्ये कॉर्ड मारून सोडायची असते, तालाच्या मधल्या जागेत. इथं तुमचा पखवाज कामाला येईल. ठाय लयीत ठेका धरा आणि तिला समेवर अजिबात वाजवायचं नाही अशी अट घाला. आधी चिडेल, मग मजा येईल.

आता थोडं बायसाठीच. सरांना विचारून घे, पण माझा सल्ला असा की बारा स्वरांत दहा प्रकार पाठ करण्यापेक्षा दोनच प्रकार बारा स्वरांत पक्के कर. एक वर सांगितलेला, कोमल ग तळाशी असलेला. दुसरा त्याचाच उलटा, कोमल नी तळाशी: जी मायनरसाठी एफ, ए, बी फ्लॅट (बीच्या लगेच डावीकडची काळी पट्टी), डी. हात मधल्या सीच्या आसपास राहील असा प्रकार निवडायचा. फार खाली गेलं की सूर एकमेकांत मिसळतात, फार वर गेलं की उजव्या हाताला जागा उरत नाही. रूट, थर्ड आणि सेव्हंथ, म्हणजे सा, ग आणि नी, असे तीनच सूर घेणारं शेल व्हॉइसिंगही येऊ दे, कारण लग्नाच्या कार्यक्रमात बेसवाला नसला की तळ तुलाच द्यावा लागतो.

मायनरही एक नाही, हे पेटी शिकलेल्या मुलीला लवकर कळायला हवं. वर जो डी मायनर सांगितला त्याचे सूर काफी थाटाचे. पण मायनर हेच गाण्याचं घर असेल, समजा सी मायनर, तर पुष्कळदा कोमल नी सोडून शुद्ध ध घेतात: ई फ्लॅट, जी, ए, डी. सीला सा धरून गुणगुणून बघ, पटदीपचा वास येईल. त्या घराकडे नेणाऱ्या जी सेव्हंथवर ए फ्लॅट घेतला की किरवाणी डोकावते. खरी अडचण येते हाफ डिमिनिश्डमध्ये: डी, एफ, ए फ्लॅट, सी. तिथं पंचमच अर्धा सूर उतरतो. पंचम अचल मानून वाढलेल्या कानाला हे पचायला वेळ लागतो. तो वेळ दे, घाई करू नकोस.

एक बांधणी मात्र लगेच शिक. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममध्ये 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेत बिल एव्हान्सनं वाजवलेली. खालून तीन शुद्ध मध्यमांच्या (सा ते म एवढ्या) उड्या आणि वर एक शुद्ध गंधाराची (सा ते ग एवढी): ई, ए, डी, जी, बी, लगेच एक सूर खाली डी, जी, सी, एफ, ए. ती आता त्या रचनेच्याच नावानं ओळखली जाते. दोन्ही हात लागतात, जमते लवकर, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हिला बरंच येतं. अशा गोष्टींचाही उपयोग असतो.

पुन्हा तुमच्याकडे येते, भाऊ. पोट भरतं का? एकट्या जॅझवर, गोव्यात, वर्षभर: नाही. ऑक्टोबर ते मार्च सीझन असतो, तेव्हा हॉटेलं, लग्नं, पार्ट्या यांत कीबोर्डवाल्याला काम मिळतं. पावसात हात चोळत बसावं लागतं. वर्षभर चालणारं उत्पन्न शिकवण्यांचं. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेडसाठी मुलं येत राहतात आणि स्वतः आठवी ग्रेड केलेल्याला पालक शोधत येतात. क्रूझवर नोकऱ्या आहेत, पण बहुतेक कंपन्या 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत आणि तिथं समोर ठेवलेलं नोटेशन तिथल्या तिथं वाचून वाजवावं लागतं.

या नोटेशनवरच मी अडून बसेन. गोव्यातून मुंबईला गेलेल्या वादकांनी हॉटेलांचे बँड आणि सिनेमाचे वाद्यवृंद पेलले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांचे अरेंजर (कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देणारे) सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. त्या पिढीतल्या कितीतरी जणांना चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेज (डो-रे-मी म्हणत सूर वाचून गाणं) आणि पाच रेघांचं नोटेशन मिळालेलं होतं. तुमच्या मुलीला स्वरलिपी येते, ही रेघांची लिपी येत नाही असं पत्रावरून दिसतं. कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. तिथं जाऊन पियानो आणि नोटेशनचे वर्ग, वयाची अट, वेळा समक्ष विचारून या. गोवा संगीत महाविद्यालय तुम्हाला माहीत असेलच, पण त्याचा भर हिंदुस्थानी संगीतावर आहे, या कामासाठी ते नव्हे.

पुढच्या वर्षीच चेन्नईचं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी किंवा बॉस्टनचं बर्कली असं काही तिच्या डोक्यात असेल तर माझं मत आज तरी नाही असं आहे. पैसा हा एक भाग झाला. मोठा भाग असा की तिनं अजून एकदाही बेसवाल्याबरोबर वाजवलेलं नाही. सा सोडून वाजवायला शिकतेय, आणि तो सा देणारा माणूसच आयुष्यात आलेला नाही. तिला बी.कॉम.ला घाला, पणजीत किंवा मडगावात, म्हणजे संध्याकाळी वादकांत मिसळता येईल. या वर्षभरात तिनं एक बेसवाला आणि एक ड्रमर गाठून महिन्यातून दोनदा तरी त्यांच्याबरोबर बसावं. गायिका ऐनवेळी म्हणते, "आज घसा बसलाय, एक सूर खाली घ्या." तेव्हा बारा स्वरांतली ती घोटणी काय कामाची ते कळेल. कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलणारं, बटण असतं, पेटीला स्केल चेंजर असतो तसंच. रियाजात ते वापरू देऊ नका, खऱ्या पियानोवर ते नसतं. वर्षानंतर ती मंडळी तिला आपणहून बोलवायला लागली तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आपण संगीताच्या पदवीचा विचार पुन्हा करू. नुसती एकटी खोलीत छान वाजवत राहिली तर छंद म्हणून उत्तम, धंदा म्हणून नाही.

देवळातली साथ सोडवू नका. संगीत नाटकातला ऑर्गनवाला तुम्ही ऐकला असेल: नटानं तान घेतली की हा थांबणार, श्वास घेतला की हळूच भरणार. जॅझमध्ये गायिकेमागे कॉर्ड देणाऱ्याचं काम फार वेगळं नसतं, आणि बायला ते भजनात आधीच येतंय. मडगावच्या सरांना कदाचित हे ठाऊकही नसेल, तिला सांगायला सांगा.

राहिला पियानो. खरा घेऊ नका. आपल्या हवेत, त्यात पावसाळ्यात, तारांना गंज आणि लाकडाला फुगवटा. ट्यूनर शोधण्यात आणि त्याच्या फेऱ्यांत जीव जाईल. 88 वजनदार (खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. 61 पट्ट्यांचा, आपोआप ताल देणारा कीबोर्ड दुकानदार गळ्यात मारायला बघेल, तो नको. हेडफोनचं भोक आहे ना बघा, म्हणजे रात्री तुमची झोप शाबूत. वापर नसताना वर कापड आणि बंद खोलीत ओल शोषणाऱ्या पुड्या. सूर लांबवणारं सस्टेन पेडल बऱ्याचदा वेगळं विकत घ्यावं लागतं. घासाघीस करताना ते किमतीतच बसवून घ्या.