एमआरआय नॉर्मल असताना मेंदूतलं जाळं तपासून फिटचं ऑपरेशन करता येतं का?

येतं. जाळं म्हणजे फिट मेंदूत कुठे सुरू होते आणि कुठेकुठे पसरते तो मार्ग. माझ्या धाकट्या भावाचं झालंय, आणि त्याचा एमआरआय दोनदा नॉर्मल आला होता.

तुम्ही लिहिलंय, बहिणीची तीन औषधं झाली, घरचे म्हणतात अजून एक गोळी बदलून बघू. हेच वाक्य आम्ही बारा वर्षं ऐकलं. डोक्याला हात लावायचा नाही, हा काकांचा हट्ट. आई प्रत्येक डॉक्टरला सांगायची, "फिट यायच्या आधी हा घशाला हात लावतो, आवळल्यासारखं होतं म्हणतो." काका तिला गप्प करायचे, "वहिनी, डॉक्टरांना शिकवू नका." कागदावर यायचं ते फक्त पुढचं: टक लावून बघणं, ओठांची चुळबुळ, शर्टाची बटणं चाचपणं.

शेवटी मी हट्टाने त्याला व्हिडिओ ईईजीला नेलं, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख आणि सोबत चित्रण. तिथे गोळ्या कमी करून फिट येण्याची वाट बघतात. जिने फिट येऊ नये म्हणून नवस केले, ती माझी आई, फिट आली की दाबायचं बटण हातात धरून, तिची वाट बघत बसली. तिसऱ्या पहाटे आली. आईने बटण दाबलं, पांघरूण बाजूला ओढलं आणि रडत त्याला नाव विचारत राहिली, कारण तसं सांगितलं होतं.

ईईजीने टेम्पोरल लोबकडे, कानशिलाच्या आतल्या भागाकडे, बोट दाखवलं. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी आईचं घशाचं वाक्य पहिल्यांदा लिहून घेतलं आणि स्टिरिओ ईईजी करायचं ठरवलं. कवटीला बारीक भोकं पाडून मिलिमीटरहून पातळ इलेक्ट्रोड खोल सोडतात. ही पद्धत पॅरिसच्या तालराक आणि बांको या डॉक्टरांची. आलेखात दिसलं की सुरुवात उजव्या इन्सुलात, टेम्पोरल लोबच्या आड खोल दडलेल्या भागात, होते, टेम्पोरल लोब काही सेकंदांनी पेटतो. पाणी खालच्या वावरात साचलेलं, पाट वर फुटलेला. नुसत्या डोक्यावरून केलेल्या ईईजीवर विसंबून कापलं असतं तर चांगला भाग गेला असता आणि फिट राहिल्या असत्या. जाळं बघायचं ते यासाठी.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसात घेऊनही फिट थांबत नसतील तर एपिलेप्सी सर्जरीच्या केंद्रात जा, तिसऱ्या औषधाची वाट बघू नका. ग्लासगोत 470 नव्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2000 साली छापून आला. पहिल्या औषधाने 47 टक्के फिटमुक्त झाले, दुसऱ्याने 13, तिसऱ्याने जेमतेम 1. दिल्लीच्या एम्समधल्या मुलांच्या चाचणीत (2017) ऑपरेशननंतर वर्षभराने 77 टक्के फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर 7 टक्के.

एक सांगायचं राहिलं. एमआरआयमध्ये डाग दिसत नसेल तर यशाची शक्यता कमी होते, आणि इलेक्ट्रोड घालूनही काहींना ऑपरेशन करता येत नाही. भावाचा डावा हात ऑपरेशननंतर तीन आठवडे लुळा होता, एक गोळी अजून चालू आहे. फ्रान्सच्या मार्सेय शहरात रुग्णाच्या स्कॅनवरून संगणकात त्याच्या मेंदूची प्रतिकृती बनवतात, त्याबद्दल तुम्ही विचारलंय. ती डॉक्टरांच्या मदतीला आहे, या तपासण्या त्याने टळत नाहीत.

बहिणीला पहिल्या क्षणी काय होतं ते तिलाच विचारून आजच वहीत लिहा, मोबाईलवर चित्रण करा. काका अजून म्हणतात, "गोळ्यांनीच आलं असतं आटोक्यात." बारा वर्षांत आलं नाही. आणि आईने पहिल्याच वर्षी बरोबर सांगितलं होतं.