बेळगाव भागातल्या आमच्या मराठी चर्चमध्ये माणसं कमी होत चाललीत. मंडळी एकत्र कशी ठेवावी?

तरुण पुण्या-बेंगळुरूला गेले, कमिटी म्हणते साऊंड सिस्टीम आणि प्रोजेक्टर घ्या, नाहीतर मराठी आणि कन्नड उपासना एकत्र करा, असं तुम्ही लिहिलंय. साऊंड सिस्टीमचं उत्तर सोपं आहे: चाळीस माणसांच्या चर्चला मिक्सर लागत नाही. एकत्र उपासनेचा वाद मात्र आमच्या कमिटीत अजून धुमसतोय, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

सगळीकडे हे एकाच पद्धतीने करतात आणि एकाच पद्धतीने फसतं. पाळक एक वाक्य मराठीत बोलणार, दुभाषी तेच कन्नडमध्ये. वीस मिनिटांचं प्रवचन चाळीस मिनिटांचं होतं आणि कुणालाच सलग काही ऐकायला मिळत नाही. सूचनासुद्धा दोनदा. एक गीत मराठी, एक कन्नड, म्हणजे दर वेळी अर्धं चर्च गप्प उभं. मागच्या बाकावरचे पुरुष प्रवचन सुरू झालं की चपला शोधायला लागतात. मग खास मीटिंग बोलावली जाते, आणि उपासनेची भाषा ठरवायला बसलेली कमिटी दहा मिनिटांत सीमावादाच्या महाजन अहवालावर येते.

एकत्र उपासना घ्यायचीच असेल तर महिन्यातून एकदाच घ्या, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या रविवारी. प्रवचन एकाच भाषेत, पंधरा मिनिटं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या भाषेत. ज्यांची भाषा नाही त्यांना एक पानाचा सारांश उपासनेच्या आधी हातात द्यायचा, नंतर नव्हे. जुन्या करारातला पाठ मराठीत वाचला तर नव्या करारातलं शुभवर्तमान कन्नडमध्ये वाचा. प्रत्येकाच्या हातात आपलं बायबल असतं, भाषांतराची गरजच नाही. गीतं इंग्रजी चालीवरची निवडा, दोन्ही भाषांच्या गीतपुस्तकांत असलेली. चाल एक, शब्द ज्याचे त्याचे, सगळे एकाच वेळी गातात. कडवी मात्र आधी मोजा. मराठीत पाच आणि कन्नडमध्ये चार असली तर एक गाळा, नाहीतर शेवटी पेटीवाला थांबतो आणि अर्धी माणसं तशीच ओढत राहतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची अभंग-ओवीच्या वळणाची भजनं इथे कोंबू नका. ती मराठी उपासनेला ठेवा, झांज-तबल्यावर, पूर्ण म्हणा. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत मोठ्याने म्हणावी, आणि पाळकांनी तेवढा वेळ माईकपासून लांब उभं राहावं. माईकवर जी भाषा येते ती जिंकते, आणि हे लोकांच्या बरोबर लक्षात राहतं.

इंग्रजी मीडियमची पोरं घरात मराठी बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. त्यांना पाठ द्यायचा तर बुधवारीच द्या, मोठ्या अक्षरात छापून. वाचताना कुणी समोरून उच्चार सुधारला की ते पोर पुन्हा उभं राहत नाही.

आता घरसभा. आठ-दहा घरांचा एक गट, पंधरा दिवसांतून एकदा, पाऊण तास. खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी करा: फक्त चहा, बिस्किटसुद्धा नाही. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी उप्पीट, चौथ्या घरी कुंदा आणि चिवडा, असं चढत जातं, मग सातव्या घरची बाई म्हणते, "यंदा आमच्याकडे जमणार नाही हो." त्या घराला प्रार्थना नको असते असं नाही, तिला हिशोब परवडत नसतो. खानापूरकडे भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी सहाची वेळ ठेवली तर कुणी येणार नाही, साडेआठ ठेवा.

हजेरीची एक वही ठेवा, ती सभेत कधी वाचू नका. लागोपाठ तीन रविवार कुणी दिसलं नाही की आठवड्याच्या मधल्या दिवशी दोघांनी घरी जायचं, आणि "चर्चला का येत नाही?" एवढं सोडून काहीही विचारायचं. कारण बहुतेक दुसरंच असतं: आजारपण, भावकीतला वाद, कधी पावतीपुस्तकावरून झालेला अपमान. दानाचे पैसे एका घरातल्या दोघांनी कधीच मोजू नयेत; नोटांची फोड लिहून दोन सह्या, सोमवारी बँकेत, महिन्याचा हिशोब फलकावर. मयतीला कोणी धावायचं तेही आधी ठरलेलं हवं. खड्डा, शवपेटी आणि फोन यांना तीन वेगळी माणसं, कारण आपल्याकडच्या पावसात खड्ड्यात पाणी भरतं आणि खणणाऱ्याला तिथून हलता येत नाही.

हे सगळं लहान प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी. कॅथलिक पॅरिशमध्ये मिस्सा कुठल्या भाषेत आणि किती वाजता हे फादर आणि बिशप ठरवतात, तिथे कमिटीने भांडून उपयोग नाही. आणि तुमच्याकडे कन्नड घरं दोन-तीनच असतील तर एकत्र उपासनेचा घाट घालू नका. त्यांना घरसभेला बोलवा, एक पाठ त्यांच्याकडून वाचून घ्या, पुरे झालं.

प्रोजेक्टरचे पैसे जमलेच असतील तर परत मागायला कुणी येणार नाही. मे महिन्यात कौलं शाकारून घ्या, म्हाताऱ्या बायका बसतात त्या बाजूची आधी.