पासवर्ड बंद केला, तरी रास्पबेरी पाय तो मागतोच

एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्याची पद्धत; तिच्या मुख्य कॉन्फिग फाईलमध्ये पासवर्डने लॉगिन बंद करूनही तुमचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पासवर्ड विचारतो आणि त्यावर पोर्ट बदलणे पुरेसे ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे. पोर्ट म्हणजे जोडणी स्वीकारणाऱ्या दाराचा क्रमांक; एसएसएचचा नेहमीचा २२ सोडल्याने लॉगमधील (नोंदवहीतील) आगंतुकांची गर्दी कमी होते, इतकेच. सोपा पासवर्ड नव्या पोर्टवरही सोपाच राहतो.

मूळ कारण बहुधा वेगळे आहे. ओपनएसएसएच (एसएसएच चालवणारे सॉफ्टवेअर) बहुतेक पर्यायांसाठी जी किंमत (व्हॅल्यू) आधी वाचते तीच धरते, आणि डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत मुख्य फाईलच्या आरंभीच ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ या फोल्डरमधील फाईली वाचण्याची सूचना असते; तिथे क्लाउड-इनिटसारख्या, पहिल्यांदा सुरू होताना मांडणी करणाऱ्या साधनाने पासवर्डला परवानगी देणारी ओळ लिहून ठेवली असेल, तर खाली तुम्ही लिहिलेल्या ‘नो’ला काहीच अर्थ उरत नाही. त्यामुळे फाईली चाळत बसण्यापेक्षा सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) एसएसएचडीला, म्हणजे पायवर चालणाऱ्या एसएसएच सेवेला, कॅपिटल टी (-T) हा पर्याय द्यावा, म्हणजे सर्व फाईली मिळून ठरलेल्या किमती समोर येतात. त्या यादीत ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ हा प्रकारही बंद आहे ना, हे पाहावे, कारण पासवर्ड त्या वाटेनेही मागितला जातो.

मात्र हे करण्याआधी किल्लीने, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाईलींच्या जोडीने, लॉगिन होते याची खात्री हवी. ईडी२५५१९ प्रकारची किल्ली स्वतःच्या संगणकावर, पासफ्रेजसह (किल्लीवरच्या पासवर्डसह) तयार करावी आणि तिचा फक्त सार्वजनिक भाग पायवर पाठवावा. चालू सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाता आले, तरच पासवर्ड बंद करून सेवा रीलोड करावी. मी एकदा ही चाचणी न करताच सत्र बंद केले होते. किल्ली बरोबर होती, पण होम फोल्डरमध्ये ग्रुपलाही लिहिण्याची मुभा राहिल्याने एसएसएचडीने ती नाकारली, आणि यंत्राला ना पडदा ना कीबोर्ड, त्यामुळे पायचे मेमरी कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकावर परवानग्या दुरुस्त कराव्या लागल्या. ‘डॉट एसएसएच’ फोल्डरला ७०० आणि आतील ‘ऑथराइज्ड कीज’ फाईलला ६०० ही परवानगी ठेवावी.

घराबाहेरून जोडायचे असल्यास राउटरवर एसएसएचचा पोर्ट उघडण्याऐवजी मी वायरगार्ड हे व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारे साधन) वापरतो. ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट धुंडाळणाऱ्याला तिथे काही चालू असल्याचा सुगावाही लागत नाही.