उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, पण त्यातलं आभासी मशीन सुरूच होत नाही, 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' असा एरर येतो. काय करू?
'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' येतंय म्हणजे बहुतेक सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) आडवा आलाय. ओळखीची डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (इथे व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर) तो कर्नलमध्ये, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यात, चढूच देत नाही.

इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगितला होता ना? (आपण सगळेच तिथे काहीतरी टाकून पुढे जातो.) तोच रीस्टार्टनंतर लागतो. निळी स्क्रीन येते, जेमतेम 10 सेकंद थांबते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबा, 'एन्रोल मोक' (मोक म्हणजे सही तपासायची तुमची स्वतःची की) निवडा, पासवर्ड द्या. स्क्रीन हुकली असेल तर टर्मिनलमध्ये 'sudo update-secureboot-policy --enroll-key' चालवून पुन्हा रीस्टार्ट.

बायोसमधून सिक्युअर बूट बंद करूनही भागतं, पण शेजारी विंडोज असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ते उघडायची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.