गणितवेड्या भावाला क्रोशाचं काय विणून देऊ? मुंबईत लोकर चालेल का?

लोकर नकोच. मुंबईच्या दमट हवेत मफलर कपाटातच पडून राहील. दादरला सुती दोरा मिळतो, तो घ्या आणि हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे प्रत्येक ठिकाणी घोड्याच्या खोगिरासारखा वळणारा पृष्ठभाग, विणा. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये तो क्रोशावर विणून दाखवला. गणिताची आवड असणाऱ्याला याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही.

वीसेक साखळ्या घाला. मग प्रत्येक ओळीत मुके खांब (क्रोशाचे साधे आखूड टाके), पाच घरांत एकेक आणि सहाव्या घरात दोन. हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही, सगळं गणित त्यातच आहे. काही ओळींनंतर कड आपोआप लहरते, पुढे प्रवाळासारख्या झालरी पडतात. टाके घट्ट ठेवा. दोरा मात्र भरपूर आणा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांबत जाते.