लवाद म्हणजे माणूस, प्रक्रिया की मंडळ?

विचारणा अशी आहे: ‘आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशन आणि लिटिगेशनच्या कायद्याचा अभ्यास सुरू करायचा आहे. मराठीत आर्बिट्रेशनला कुणी लवाद म्हणतं, कुणी मध्यस्थी. बरोबर काय, आणि सुरुवात कुठून करू?’

आधी शब्द पाहू, कारण तो उलगडला की वाटही दिसते.

‘लवाद’मधल्या ‘वाद’मुळे तो संस्कृत वाटतो. पण तो आला आहे पोर्तुगीज ‘लोवादु’वरून. तिथलं क्रियापद ‘लोवार’, म्हणजे वाखाणणं, मान्य करणं. त्याचं मूळ लॅटिन ‘लाउदारे’. एखाद्याच्या मतावर भिस्त ठेवणं या अर्थानेही ‘लोवार’ वापरतात. म्हणून लोवादु म्हणजे ज्याचा कौल मानायचं दोन्ही बाजूंनी कबूल केलं आहे असा माणूस. इटालियनमधला ‘लोदो’ आणि स्पॅनिशमधला ‘लाउदो’ ही याच घराण्यातली भावंडं; त्यांचा अर्थ मात्र लवादाने दिलेला निर्णय. त्याला आपल्याकडे ‘निवाडा’ हा फार सुंदर शब्द आहे, तो सोडू नका.

म्हणजे लवाद मुळात व्यक्ती. आज आपण प्रक्रियेलाही लवाद म्हणतो आणि निर्णय देणाऱ्या मंडळालाही. बोलताना चालतं, अभ्यासाच्या टिपणात मात्र ‘लवाद’, ‘लवाद प्रक्रिया’ आणि ‘लवाद मंडळ’ वेगळे ठेवा.

मध्यस्थी ही निराळी गोष्ट. मध्यस्थ समजावतो, पण लवादासारखा निर्णय लादू शकत नाही. भारतीय कायद्याच्या हिंदी पाठात आर्बिट्रेशनला ‘माध्यस्थम्’ म्हणतात; मराठीतला घोळ बहुधा तिथूनच शिरला असावा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. परदेशी निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 1958चा न्यूयॉर्क करार पाहावा लागतो, तर मध्यस्थीतून झालेल्या तडजोडीसाठी 2018चा सिंगापूर करार. शब्द चुकला की शोध भलत्याच करारात सुरू होतो.

लिटिगेशनला सरसकट ‘खटला’ म्हणू नये, त्याने फौजदारीचा भास होतो. व्यापारी तंट्यांसाठी ‘न्यायालयीन दावे’ बरं. तिथे प्रश्न तीन: कुठल्या न्यायालयाला अधिकार, कुठल्या देशाचा कायदा, आणि निकाल दुसऱ्या देशात मानला जाईल का. यासाठी न्यायालय निवडण्याबाबतचा 2005चा आणि परदेशी निकाल मानण्याबाबतचा 2019चा, असे दोन हेग करार वाचावेत. मात्र न्यूयॉर्क करारात 170हून अधिक देश आहेत आणि हेगच्या या दोन करारांत त्या मानाने फारच थोडे. एवढ्या तफावतीवरूनही लक्षात येईल की सीमेपलीकडे वसुलीची शक्यता असली की व्यापारी लवादाकडे का वळतात.

आता सुरुवात. लवादाचा पाया संमती. मूळ शब्दच ते सांगतो. म्हणून गाजलेल्या निकालांआधी करारातलं लवादाचं कलम वाचायला शिका. त्यात तंटे कुठले, नियम कुणाचे आणि ‘सीट’ कुठली हे शोधा. सीटला मी ‘कायदेशीर स्थान’ म्हणते. सुनावणीचं ठिकाण वेगळं असू शकतं. सुनावणी पॅरिसमध्ये झाली, पण कायदेशीर स्थान सिंगापूर असेल, तर निवाडा रद्द करण्याचा अर्ज सिंगापूरच्या न्यायालयात. त्यानंतर त्या देशाचा लवाद कायदा 1985च्या अनसिट्रल (संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोग) नमुना कायद्यावर बेतला आहे का ते पाहा. मग न्यूयॉर्क करारातलं पाचवं कलम सावकाश वाचा: निवाडा नाकारण्याची कारणं तिथे मोजकी दिली आहेत. देशोदेशीच्या न्यायालयांनी त्यांचा अर्थ कसा लावला, हे अनसिट्रलच्या ‘क्लाउट’ या खुल्या संग्रहात सापडतं.

हेगच्या बातम्या वाचताना जपून, कारण आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि स्थायी लवाद न्यायालय या दोन वेगळ्या संस्था त्याच शहरात आहेत. 2016चा दक्षिण चीन समुद्राबाबतचा निवाडा बऱ्याच ठिकाणी ‘आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल’ म्हणून छापला गेला. तो दिला होता सागरी कायद्याच्या करारानुसार नेमलेल्या पाच जणांच्या लवाद मंडळाने. 1899 साली ठरलेलं स्थायी लवाद न्यायालय त्याचं कार्यालयीन काम पाहत होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालांत तो शोधलात तर मिळणार नाही.